भाकरीच्या गावात पेजेचा वास

एका राजधानीच्या पाठशाळेत विदुला नावाची पंडिता शिकवत होती. तिचा विषय भलताच! राजाच्या हुकुमाने प्रजेची तब्येत सुधारते की बिघडते, हे ती शोधायची. बाकीचे पंडित थट्टा करत, "अहो विदुलाबाई, हुकूम म्हणजे काय काढा आहे, ताप उतरायला?"

"काढ्याहून कडक आहे, पंडितजी!" विदुला म्हणायची.

एकदा राज्यात तापाची साथ आली. घरात आजारी माणूस असला की दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधायची तिथली जुनी रीत. विदुलाने राजाला सुचवलं, की ज्या दाराला डहाळा, त्या घराला विहिरीवर येऊ देऊ नये. राजाने तसा कायदा केला. आणि काय नवल! बघता बघता सगळे डहाळे दिसेनासे झाले. साथ हटली! राजाने भरदरबारात विदुलाला शालजोडी आणि राजपंडिताचं पद द्यायचं ठरवलं. जन्मभर थट्टा सोसलेल्या विदुलाला काय करू नि काय नको असं झालं.

दरबाराच्या आदल्या दिवशी आपलं यश डोळ्यांनी बघायला ती एका गावात गेली. एकाही दाराला डहाळा नव्हता. ती अगदी हरखून गेली. पण पुढे जाते तो काय, घराघरातून भाताच्या पेजेचा वास! भाकरी-ठेच्याचं गाव ते. तिथे पेज शिजायची ती फक्त आजाऱ्यासाठी.

एका दारातल्या बाईला तिने विचारलं, "ताई, घरात ताप आहे ना? मग डहाळा का नाही बांधला?"

"डहाळा बांधू आणि पाणी तोडून घेऊ होय?" बाई कडाडली. "मग तापातल्या लेकराला काय पाजू, माझं कपाळ? वैद्याला बोलवायचीसुद्धा चोरी झालीय!"

विदुलाच्या पायाखालची जमीन सरकली. साथ दारांमागे लपली होती, आणि ती तिच्याच कायद्याने लपवली होती. गप्प राहावं तर पद मिळतंय. बोलावं तर भरदरबारात शोभा. पण तेवढ्यात तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, हुकुमाने ताप लपतो, तर हुकुमानेच तो बाहेरही येईल! ती गाडीकडे पळतच सुटली.

दरबारात शालजोडी पुढे आली, तेव्हा तिने हात जोडले. "महाराज, ही मला नको. साथ गेलेली नाही. माझ्या चुकीच्या सल्ल्यामुळे लोकांनी ती लपवली. हुकूम फिरवा! ज्या दाराला डहाळा, तिथे गावाने पाणी भरावं आणि वैद्याने जावं. आज, आत्ता!"

पंडित खो खो हसले. राजाने हुकूम फिरवला, पण पद दुसऱ्याला दिलं.

थोड्याच दिवसांत दारोदारी डहाळे लागले. "साथ वाढली!" दरबारी घाबरले.

"वाढली कुठे? आता दिसायला लागली!" विदुला आनंदाने ओरडली. वैद्य घराघरात पोचले, आणि ताप खरोखरच ओसरला.

विदुला पाठशाळेत परतली, तर वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिला धडा तिने स्वतःच्या चुकीचाच शिकवला.

तात्पर्य: कायद्याच्या धाकाने रोग लपतो, आधाराने बाहेर येतो, आणि आपली चूक कळताच जो ती चारचौघांत कबूल करून सुधारतो, तोच खरा पंडित.