तिसऱ्या नदीचे पाणी

एका राज्यात पाणी मुबलक होते, पण तहान कोणाचीच भागत नव्हती. विहिरी काठोकाठ भरलेल्या, नदी दुथडी वाहणारी, आणि माणसे मात्र तांब्यामागून तांब्या रिचवून पुन्हा ओठ चाटत बसलेली. गुरे हौदावरून हलत नसत. म्हातारा राजा पृथुवर्मा मेला तो तांब्या तोंडाला लावूनच मेला. त्याच्यामागे त्याची एकुलती मुलगी शाल्मली गादीवर बसली. तिच्या मांडीवर सहा महिन्यांची लेक होती, जुई नावाची. ती दूध प्यायची आणि रडायची, पुन्हा प्यायची आणि पुन्हा रडायची. बाळ दिवसेंदिवस वाळत चालले होते, आणि राजवैद्याने हात टेकले होते.

एके सकाळी राणी लेकीला कडेवर घेऊन नदीकाठी आली. तिथे वाळूत एक टिटवी पाणी पीत होती. दोन चोची पाणी पिऊन तिने पंख झाडले व ती स्वस्थ बसली.

राणी म्हणाली, "टिटवीबाई, तुमची तहान भागते. आमची का भागत नाही?"

टिटवी म्हणाली, "मी इथली नाही. मी अंबुलीच्या खोऱ्यातली. वज्रकेतूचे दगडी सैनिक माझ्या अंड्यांवरून चालत गेले, म्हणून इकडे आले. तुमची तहान कुठून आली ते मी पाहिले आहे. ऐकवेल तुला?"

"लेक मरते आहे. ऐकवलेच पाहिजे."

मग टिटवीने सांगितले ते असे. वीस वर्षांपूर्वी उत्तरेकडून कालमेघ राजा चालून आला. पृथुवर्म्याचे सैन्य अपुरे पडले, तेव्हा त्याने दोघांशी तह केला. एक दक्षिणेचा जादूगार राजा वज्रकेतू, आणि दुसरे अंबुली नदीचे खोरेकरी. खोरेकऱ्यांना राजा नव्हता, तुळाई नावाची एक मुखी होती. त्या मुलखात तह पाण्याने होत असे. प्रत्येकाने आपापल्या नदीची घागर आणायची, एका तांब्याच्या हंड्यात ओतायची, आणि सगळ्यांनी ओंजळभर प्यायचे. युद्ध संपले की उरलेले पाणी ज्याचे त्याच्या नदीला परत जायचे. हंडा सर्वांत आधी जायचा तो तहातल्या सर्वांत लहानाकडे, म्हणजे यावेळी खोरेकऱ्यांकडे. तोवर त्याला कोणी हात लावायचा नाही. हा रिवाज शेंबड्या पोरालाही ठाऊक होता.

युद्ध जिंकले. खोऱ्यातले तीनशे तरुण खिंडीत उभे राहिले होते, त्यांतला एकही परतला नाही. शेवटच्या दिवशी वज्रकेतूच्या दगडी सैनिकांनी कालमेघाला पिटाळून लावले. त्याच दुपारी तंबूत वज्रकेतू म्हणाला, "मला अंबुलीचे खोरे हवे. मग हे सैनिक तुझ्या वेशीवर कायमचे उभे राहतील." पृथुवर्म्याने तसे लिहून दिले. खोऱ्याची माणसे तेव्हा तंबूबाहेर हंड्याची वाट पाहत बसली होती. राजाच्या बोटांना शाई लागली होती. जवळ दुसरे पाणी नव्हते, म्हणून त्याने बोटे हंड्यातच बुडवून धुतली.

टिटवी म्हणाली, "राजे लोकांना घाई फार. पाणी काळे झाले आणि तहान सुरू झाली. आता तीन कामे आहेत. जे लिहिले ते उघड्यावर वाच. ज्याला दिले त्याच्याकडून परत आण. ज्यांचे होते त्यांना पाज आणि मग तू पी."

राणी खजिन्यात गेली. तहनाम्याच्या पेटीवर एक नाग वेटोळे घालून बसला होता. नाग म्हणाला, "हे वाचायचे असेल तर बापाची कीर्ती इथे ठेव." पृथुवर्म्याला 'रणधीर' म्हणणारा सोन्याचा पट्टा राणीच्या कमरेला होता. तो सोडताना तिला रडू आले, कारण बाप तिचा लाडका होता. तिने पट्टा ठेवला. नाग बाजूला झाला.

तिने चव्हाट्यावर उभे राहून तहनामा उघडला. एक म्हातारा शिपाई पुढे येऊन म्हणाला, "बाईसाहेब, नका वाचू. आपण जिंकलो होतो."

"जिंकलो होतो. काय देऊन, तेही ऐका." राणीने वाचले, "अंबुलीचे खोरे, त्यातील घरे, गुरे व माणसे यांसह."

शिपाई मटकन खाली बसला. म्हणाला, "खिंडीतून मला पाठीवर घेऊन उतरला तो त्यांच्यातलाच होता. मला उतरवून तो पुन्हा वर गेला."

पेटीमागेच काळ्या पाण्याचा हंडा सापडला. तो रथात ठेवून, लेकीला छातीशी धरून राणी दक्षिणेला गेली. वज्रकेतू गारगोटीच्या सिंहासनावर बसला होता. तो म्हातारा झाला नव्हता.

"महाराज, खोरे परत द्या," राणी म्हणाली.

"माझे सैनिक नसते तर तुझ्या बापाचे डोके भाल्यावर असते. हे खोटे आहे?"

"खोटे नाही. आम्ही तुमचे उपकार विसरलो नाही. पण जे दिले गेले ते आमचे नव्हते."

वज्रकेतूने बाळाकडे पाहिले. "खोऱ्याचे नाव सोड. या मुलीची तहान मी आत्ता, इथेच भागवतो. हिची एकटीची."

जुई सुकल्या ओठांनी आईचा पदर चोखत होती. होकार राणीच्या ओठांवर आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. कोणत्या आईच्या आला नसता? शेवटी ती म्हणाली, "माझ्या बाबांनीही असेच आपले घर वाचवले, दुसऱ्याचे देऊन. तुमचे सैनिक परत घ्या, महाराज. खोरे सोडा."

दिलेले परत घेतले की घेतलेले परत द्यावे लागते, या नियमापुढे जादूगाराचेही काही चालत नाही. आणि वज्रकेतूला आपले दगड खोऱ्याहून प्यारे होते. त्याने टाळी वाजवली. दोन हजार दगडी सैनिक वेशीवरून निघाले आणि राज्याची सीमा उघडी पडली.

राणी खोऱ्यात पोहोचली तेव्हा माणसे वज्रकेतूच्या खाणीतून नुकतीच घरी परतली होती. तुळाई पारावर बसली होती. राणीने तिच्यासमोर हंडा ठेवला.

"पाणी आणले आहे, आई."

"उशिरा आणलेस, बाई."

"हो."

"क्षमा मागणार असशील तर ती माझ्या एकटीच्या हातात नाही. इथे अडीचशे घरे आहेत. आधी पाणी ओत."

राणीने काळे पाणी अंबुलीत ओतले. शाईची रेघ वाहत गेली आणि विरली. मग तिने हंडा नितळ पाण्याने भरला, डोक्यावर घेतला आणि पहिल्या घरापुढे उभी राहिली. घरातल्या बाईने ओंजळ पुढे केली नाही. ती म्हणाली, "सोमा." राणीने तिच्यामागून म्हटले, "सोमा." मग त्या बाईने पाणी घेतले. पुढच्या घरी "भिवबा", त्यापुढे "लखू आणि धाकटा लखू." अशी घरामागून घरे झाली. कडेवर जुई रडत होती. रडून रडून तिचा आवाज बसला आणि मग तोही बंद झाला. हंड्यातले पाणी राणीच्या कानाशी डुचमळत होते, पण तिने एक थेंबही घेतला नाही, लेकीलाही दिला नाही.

सर्वांत शेवटी तुळाईचे घर होते. तिने ओंजळ पुढे केली. "रायाजी आणि कोंडू," ती म्हणाली. राणी म्हणाली, "रायाजी आणि कोंडू." तळाचे पाणी म्हातारीच्या ओंजळीत पडले.

तुळाई ते प्यायली नाही. तिने ओंजळ जुईच्या ओठांना लावली.

"हंडा आधी लहानाकडे जातो," ती म्हणाली. "तुझ्या बापाला विसर पडला. आम्हाला नाही."

जुईने घोट घेतला. दुसरा घेतला. मग मान वळवली, जांभई दिली आणि ती झोपली. सहा महिन्यांत पहिल्यांदा ती भरल्या पोटी झोपली होती. राणी उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडली. त्याच घटकेला तिकडे राज्यात माणसांनी अर्धे भरलेले तांबे खाली ठेवले, आणि गुरे हौदावरून कुरणाकडे वळली.

निघताना राणीने विचारले, "आई, पुन्हा तह करायचा?"

"नको, बाई. शेजारी राहू. पाणी मागितलेस तर मिळेल. पोरे मागू नकोस."

हंडा खोऱ्यातच राहिला. राज्याच्या वेशीवर आता दगड नाहीत, राज्याचीच माणसे पाळीपाळीने उभी राहतात. दरवर्षी त्या दिवशी राणी चालत खोऱ्यात जाई, आणि तिच्यामागे जुई जाऊ लागली. तीनशे नावे तिला पाठ होती.

ज्याने ही कथा ऐकली त्याने घोटभर पाणी प्यावे, पण आधी शेजारच्याला विचारावे.