आधी एक टोपली वाळू

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, मला ज्याने सांगितली त्यालाही ठाऊक नव्हतं. पण गोष्ट कामाची आहे, एवढं मी छातीठोकपणे सांगतो.

एका मोठ्या वाळवंटात चाळीस घरांचं एक छोटं गाव होतं. गावाच्या एका अंगाला भलंमोठं तळं. लांबून बघणाऱ्याला वाटे, काय भाग्यवान माणसं आहेत! जवळ जाऊन ओंजळ तोंडाला लावली की थू थू करायची पाळी येई, कारण तळं खारट होतं. उंटसुद्धा नाक मुरडून मागे फिरत. गोडं पाणी होतं ते दुसऱ्या अंगाला, खजुराच्या झाडांमध्ये, एका लहानशा झऱ्यात. आजूबाजूला चार दिवसांच्या वाटेवर दुसरं पाणी नव्हतं.

आता वाळवंट म्हटलं की वारा आलाच. रोज संध्याकाळी तो सुटायचा आणि झऱ्याच्या कुंडात वाळू आणून ओतायचा. म्हणून गावाचा एकच नियम होता. पाणी प्यायचं, तर कुंडातली टोपलीभर वाळू उपसून खजुरांच्या पलीकडे टाकायची. गावकरी असो, वाटसरू असो, नाहीतर सरदार असो. सूट फक्त तान्ह्या बाळांना आणि उंटांना. झऱ्याची राखण एक म्हातारी करायची. आलेल्या प्रत्येकाला ती म्हणे, "ये बाबा, घोटभर पी, आणि ही घे टोपली."

गावचा मुखिया मनाने सोन्यासारखा. खोड एकच, मोठी माणसं समोर आली की याची बोबडी वळायची. त्याच्या मुलीचं लग्न वाळवंटापलीकडच्या एका बड्या घराण्यात ठरलं. सोयरीक पक्की करायला नवऱ्या मुलाची आई, म्हणजे विहीणबाई, वीस माणसं घेऊन गावात आल्या. म्हातारीने नेहमीप्रमाणे टोपल्या हातात दिल्या. तोच मुखिया धावत आला आणि त्याने त्या भराभर काढून घेतल्या.

"आजी, हे काय करतेस! व्याही मंडळी आहेत. त्यांना वाळू उपसायला लावून माझी लाज काढतेस का?"

विहीणबाईंनी आपल्या रिकाम्या हातांकडे एकदा पाहिलं. त्या पाणी प्यायल्या, सुपारी फुटली आणि मंडळी परत गेली.

झालं! दुसऱ्याच दिवशी शेजारी म्हणाला, "मुखियाच्या व्याह्यांना सूट, मग माझा जावई काय रस्त्यावर पडलाय?" त्याच्या शेजाऱ्याला आपला मेहुणा आठवला. मग पाहुणचार करणाऱ्यांनाच वेळ मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतःलाही सूट देऊन टाकली. महिन्याभरात निम्म्या गावाच्या कमरेत उसण भरली आणि उरलेल्या निम्म्याच्या घरी पाहुणे आले. म्हातारी एकटी किती उपसणार?

ती मुखियाला म्हणाली, "अरे बाबा, वाळूला मानपान कळत नाही. कुंड बुजत चाललंय."

"आजी, एवढं लग्न पार पडू दे. मग बघू."

लग्नाचा दिवस उजाडला. आदल्या संध्याकाळी वारा जरा जास्तच झोंबला होता. बायका घागरी घेऊन गेल्या, तर कुंडात ओली वाळू आणि तिच्यावर बोटभर पाणी! आणि वऱ्हाड तर वाटेत होतं. दोनशे माणसं, चार दिवस चालून येणारी, पखाली रिकाम्या झालेली.

अख्खं गाव टोपल्या घेऊन धावलं. नवरी मुलगी हळदीच्या अंगाने कुंडात उतरली. पण एक टोपली काढावी, तर काठावरची दोन टोपल्या वाळू आत घसरे. म्हातारीने बघितलं आणि स्पष्ट सांगितलं, "एवढ्या हातांनी हे व्हायचं नाही. संध्याकाळचा वारा सुटायच्या आत झऱ्याचं तोंड मोकळं झालं नाही, तर ते कायमचं बुजेल. वऱ्हाड येतंय ना? त्यांनाही हात लावायला सांग."

"वरपक्षाला?" मुखिया मटकन खाली बसला. "आजी, लग्न मोडेल गं! माझ्या पोरीचं वाटोळं होईल."

मुलगी कुंडातून ओरडली, "बाबा, लग्न मोडलं तर मी दोन दिवस रडेन आणि गप्प बसेन. पण झरा गेला तर गाव उठेल. तुम्ही जाता की मी जाऊ?"

मुखिया गेला. टेकडी उतरून येणाऱ्या वऱ्हाडापुढे त्याने पागोटं काढून हातात घेतलं. या खेपेला मात्र त्याची बोबडी वळली नाही.

"विहीणबाई, चूक माझी आहे. झरा बुजलाय. तुम्हाला द्यायला माझ्याकडे पाणी नाही. पाणी हवं असेल तर सगळ्यांना वाळू उपसावी लागेल, तुम्हालासुद्धा. लग्न मोडायचं तर खुशाल मोडा, पण आधी टोपली घ्या."

विहीणबाई उंटावरून उतरल्या, त्यांनी पदर कमरेला खोचला आणि त्या म्हणाल्या, "आणा."

मग त्यांचे डोळे भरून आले. "मुखियाजी, या झऱ्याची रीत आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. आमच्याकडचा प्रत्येक वाटसरू कौतुकाने सांगतो, त्या गावाने मलाही टोपली दिली. आणि तुम्ही ती आमच्या हातातून काढून घेतलीत! घरी जाऊन मी रडले. म्हटलं, मुलगी देतायत, पण आपल्याला घरचं समजत नाहीत."

इतके दिवस आपण ज्याला मान समजत होतो, तो या बाईला अपमान वाटला होता, हे मुखियाला आता कळलं.

मग काय विचारता! नवरदेव बाशिंग बाजूला ठेवून कुंडात उतरला. दोनशे वऱ्हाडी आणि अख्खं गाव यांची रांग थेट खजुरांपलीकडे गेली आणि टोपल्या हातोहात सरकू लागल्या. उन्हं कलली तेव्हा झऱ्याचं तोंड मोकळं झालं आणि पाणी असं उसळलं, की विहीणबाईंचं लुगडं भिजून गेलं. मुहूर्त केव्हाच टळला होता. पुरोहित कुरकुरायला लागले, तर म्हातारीने त्यांच्याही हातात टोपली ठेवली. लग्न धुळीने माखलेल्या कपड्यांत लागलं आणि पंगतीत वाळू प्रत्येकाच्या दाताखाली आली, पण कोणी तक्रार केली नाही.

पुढे त्या गावात कोणाला सूट म्हणून मिळाली नाही. जो जितका जवळचा, तितकी त्याची टोपली मोठी. मुखियाचा जावई दर खेपेला दोन टोपल्या उपसायचा आणि आपल्या गावी जाऊन ते मिरवायचा.

तर लहानथोर हो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याला आपलं म्हणायचं, त्याला कामातून सूट देऊ नका, कामात वाटा द्या.