विहिरीकडची फांदी

नदीकाठच्या एका गावात मथुरा नावाची एक चितारीण राहत होती. ती चित्रे लाकडात कोरत असे. फळीवर हवे तेवढे राखायचे आणि नको ते छिन्नीने काढून टाकायचे. मग फळीला शाई लावायची, वर कागद ठेवायचा, वाटीच्या बुडाने हलक्या हाताने घासायचा आणि अलगद उचलायचा. एका फळीतून गावभर पुरतील इतकी चित्रे निघत. या कामात तिचा हात धरील असे पंचक्रोशीत कोणी नव्हते. तिने छापलेली गाय पाहून वासरू हंबरेल, असे लोक म्हणत, आणि ते फारसे खोटेही नव्हते.

गावाच्या वेशीवर एक जुना आंबा होता. एका वादळात तो मुळासकट आडवा झाला. गाव हळहळले. तेव्हा पाटलाने ठरवले की त्याच आंब्याच्या फळीवर मथुरेने तो आंबा कोरावा आणि घरोघरी त्याचे चित्र लागावे. खोड आतून पोखरलेले होते, त्यामुळे रुंद अशी एकच फळी धड निघाली. ती सावलीत नीट वाळवून मथुरेच्या स्वाधीन केली.

आता छापाची एक खोड असते. फळीवर डावीकडे कोरलेले कागदावर उजवीकडे उमटते. म्हणून मथुरा आपल्या शिष्यांना पहिला धडा हाच देई, की छिन्नी उचलण्याआधी चित्र आरशात पाहा. स्वतः तिने मात्र आरसा केव्हाच सोडला होता. एवढ्या अनुभवानंतर तो कशाला हवा, असे तिला वाटे. त्यात हा आंबा तिच्या जिवाभावाचा. लहानपणापासून जसा पाहिला तसाच तो तिच्या हातून फळीवर उतरला. काय कोरला होता म्हणून सांगावे! लाकडाच्या अंगच्या रेषा तिने तशाच राखल्या आणि त्यांतून सालीचा खडबडीतपणा उभा केला.

पहिला छाप चावडीसमोर काढला. सगळे गाव लोटले होते. कागद उचलला आणि लोकांनी तोंडात बोटे घातली. कोणी डोळे पुसले. मथुरेची नजर मात्र फांदीवर खिळली. वेशीतून आत येताना विहीर डाव्या हाताला लागे आणि देऊळ उजव्या हाताला. आंब्याची मोठी फांदी विहिरीकडे झुकलेली होती. चित्रात ती देवळाकडे गेली होती.

गर्दीतून ठकू नावाची एक म्हातारी पुढे आली. ती चाचरत म्हणाली, "फांदी हिरीकडं होती नव्हं? तिलाच झोळी बांधून, लेकरू निजवून मी पाणी शेंदायची."

पाटील हसला. "मथुराबाई चुकंल व्हय? तुझ्याच ध्यानात ऱ्हायलं नसंल, म्हातारे."

मग सगळ्यांनी त्याचीच री ओढली. एकाला फांदी देवळाकडे असल्याचे चांगले आठवत होते. दुसऱ्याने तर तिच्या सावलीत बसून कीर्तन ऐकले होते. शेवटी ठकूनेही मान हलवली. "असंल बाबा," ती म्हणाली. "वय झालं माझं."

मथुरा गप्प राहिली. पाटलाने घातलेली शाल तिने मुकाट्याने घेतली. झाड तर गेले, आता कोण पडताळून पाहणार, अशी तिने मनाची समजूत घातली. फळी एकच होती, आणि जन्मभर कमावलेले नावही एकच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नदीवर निघाली, तर आंब्याच्या मोकळ्या जागेत ठकू उभी होती. झोळीची गाठ बांधावी तसे तिने दोन्ही हात विहिरीच्या बाजूला उंच केले. मग थांबली, वळली आणि तेच हात देवळाच्या बाजूला करून पाहिले. मग हात खाली सोडून ती तशीच उभी राहिली. मथुरेला ते बघवेना. आपण या बाईचे लेकरू झोपवण्याची जागा हिरावून घेतली, असे तिला वाटले आणि स्वतःची विलक्षण लाज वाटली.

तिने ठकूचा हात धरला आणि तिला सरळ चावडीवर नेले. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "ठकूआत्या खरं सांगत होती. फांदी विहिरीकडंच होती. मी आरसा लावला नाही, म्हणून चुकले."

पाटील अवघडला. चित्र इतके देखणे आहे, कशाला त्याला हात लावता, म्हणून तिची समजूत घालू लागला.

"चित्र माझं आहे, पाटील," मथुरा म्हणाली. "आंबा गावाचा होता."

तिने फळी उलटी केली. मागची बाजू कोरी होती. तिच्यावर रंधा मारला, समोर आरसा ठेवला आणि नवशिक्यासारखी पहिल्या रेघेपासून सुरुवात केली. डोळे शिणत, बोटे आखडत. शिष्य मदतीला आले, तर तिने त्यांना प्रेमाने परत पाठवले.

दुसरा छाप निघाला तेव्हाही सगळे गाव जमले होते. पण या वेळी कोणी थक्क होऊन मागे उभे राहिले नाही. माणसे चित्रावर वाकली. ढोली जरा खाली होती, असे कुंभाराने ठासून सांगितले. दोन जावा मधमाश्यांच्या पोळ्यावरून हुज्जत घालू लागल्या. खुद्द पाटलालाही आपल्या गाडीला घासणारी एक डहाळी आठवली, ती चित्रात कुठेच दिसेना. ठकूने विहिरीकडच्या फांदीवर बोट ठेवले आणि ते बराच वेळ उचलले नाही.

मथुरेच्या चित्रात इतक्या जणांनी इतक्या चुका आजवर कधी काढल्या नव्हत्या. तिला मात्र शाल मिळाली तेव्हा झाला नव्हता एवढा आनंद झाला. छिन्नी बाजूला ठेवून तिने मांडी घातली आणि म्हणाली, "बसा सगळे. एकेकानं सांगा."

तात्पर्य: ज्याच्या शब्दाला मान असतो, त्याने आपली चूक आपणहून सांगावी; तो गप्प राहिला, तर भोळी माणसे स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवू लागतात.