न आलेल्यांचा अनुभव

गोदेच्या काठी एका गावात रंगशास्त्री नावाचे ज्योतिषी राहत. पंचक्रोशीत त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. नदीपलीकडच्या गावात त्यांचे गुरुबंधू विश्वंभरशास्त्री राहत. त्यांचे नावही तेवढेच मोठे होते.

दोघांत एकच मतभेद होता. कुंडलीत घरे बारा, पण ती आखायची कशी? रंगशास्त्री एक रास म्हणजे एक घर धरत. विश्वंभरशास्त्री घरांच्या सीमा गणिताने वेगळ्या काढत. त्यामुळे सीमेजवळचा ग्रह एकाच्या मांडणीत एका घरात दिसे, तर दुसऱ्याच्या मांडणीत शेजारच्या. "माझा जन्मभराचा अनुभव आहे," असे दोघेही सांगत.

गावातल्या महादू कोष्ट्याच्या मुलीचे, सगुणाचे, लग्न ठरत आले होते. मुलाच्या आईने सगुणाची पत्रिका दोघांनाही दाखवली.

रंगशास्त्री म्हणाले, "मंगळ सातव्या घरात आहे. नवऱ्याच्या जिवाला धोका."

विश्वंभरशास्त्री म्हणाले, "मंगळ सहाव्यात आहे. खुशाल लग्न करा."

मुलाची आई घाबरली. बोलणी थांबली.

महादू रंगशास्त्र्यांकडे आला. "शास्त्रीबुवा, तुमचाही अनुभव खरा, त्यांचाही खरा. मग माझ्या पोरीनं कुणाच्या अनुभवावर जगायचं?"

आपला अनुभव म्हणजे नेमके काय, हे रंगशास्त्री आठवू लागले. भाकीत खरे ठरले की लोक पेढे घेऊन येत, पाया पडत. पण ज्यांचे खोटे ठरले, त्यांच्यापैकी कोणी दारात आल्याचे त्यांना आठवेना.

"मला थोडा अवधी दे," ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी काठी घेऊन ते बाहेर पडले. जे पत्रिका दाखवून गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत, त्यांची घरे शोधत म्हातारा गावोगाव हिंडला.

एका घरच्या लग्नाला पत्रिका पाहून त्यांनी पूर्वी साफ नकार दिला होता, तरी ते झाले होते. तिथे नवराबायको ओसरीवर शेंगा फोडत बसली होती आणि अंगणात नातवंडे खेळत होती. दुसऱ्या घरी कृष्णाक्का नावाच्या विधवेने त्यांना पाणी दिले. ती म्हणाली, "जोडा जन्मभर टिकेल, असं तुम्ही म्हणाला होता. वर्षभरही टिकला नाही. ते काय सांगायला यायचं?" शास्त्र्यांनी मान खाली घातली. हातातले पाणी त्यांना पिववेना.

प्रत्येक पत्रिका त्यांनी दोन्ही रीतींनी मांडून पाहिली. कधी त्यांची रीत जुळे, कधी विश्वंभरची. पुष्कळदा दोन्ही चुकत.

परतताना मनाला मोह झाला. हे कोणाला कळणार आहे? गप्प राहिले तर मान तसाच राहील. पण गावात शिरताच त्यांनी देवळात सभा बोलावली. विश्वंभरशास्त्र्यांनाही बोलावणे पाठवले.

"मंडळी," ते म्हणाले, "आकाशात भिंती नाहीत. घरे आम्ही कागदावर आखली. कोणाची रेघ खरी, हे मी शोधायला गेलो होतो. मला ते ठरवता आले नाही. इतकी वर्षे मी फक्त पेढे आणणाऱ्यांना मोजत होतो. सगुणाच्या पत्रिकेवरून तिच्या नवऱ्याचे आयुष्य मला सांगता येत नाही."

विश्वंभरशास्त्री संतापून उठले. "रंगा, तू शास्त्राला कमीपणा आणलास!"

"शास्त्राचं मी काही बोललो नाही, विश्वंभरा. मला जे ठाऊक नव्हतं, ते ठाऊक नाही एवढंच म्हणालो."

मुलाच्या आईने भीत भीत विचारले, "मग आम्ही करायचं काय?"

"मुलगी बघा, तिचं वागणं बघा. मुलाच्या मनात काय आहे ते विचारा. आणि उद्या काही बरंवाईट झालंच, तर दोष मला द्या, त्या पोरीला देऊ नका."

लग्न झाले. रंगशास्त्र्यांच्या दारची गर्दी मात्र ओसरली. त्याची त्यांनी कधी खंत केली नाही.

पुढे एका दुपारी विश्वंभरशास्त्री नावेतून नदी ओलांडून आले. ओसरीवर येऊन टेकले.

"रंगा, मीही काही घरी जाऊन आलो."

"काय म्हणाले लोक?"

"तुला म्हणाले तेच." मग ते उठले आणि वयाने धाकट्या असलेल्या आपल्या गुरुबंधूच्या पाया पडले.

तात्पर्य: आपले खरे ठरले तेवढेच मोजणे हा अनुभव नव्हे. जो आपल्या चुका शोधत त्यांच्या दारापर्यंत जातो आणि आढळले ते चारचौघांत सांगतो, तोच खरा ज्ञानी.