म्हाळसाबाईंचं तेविसावं कुलूप

वडजाईवाडीला नदीच्या वरच्या अंगाला महादेवाचं दगडी देऊळ आहे. त्या देवळाच्या ओवरीत निवांत महाराज बारा वर्षं राहिले. त्यांचं मूळ नाव काय, गाव कोणतं, हे कुणाला कधी कळलं नाही. कुणी भांडण घेऊन येवो की रडत येवो, महाराज आधी म्हणायचे, "निवांत, निवांत. बस आधी." तेच नाव पडलं. ना शिष्य, ना गादी, ना पालखी. आणि महाराजांचं रोजचं काम काय म्हणाल, तर गावातल्या बायकांचं धान्य निवडून देणं! बायका सुपात गहू-ज्वारी घेऊन यायच्या, महाराज खडे वेचत बसायचे, आणि वेचता वेचता बायका मनातलं सगळं बोलून मोकळ्या व्हायच्या. जप नाही, तप नाही, उपदेश तर नावालाही नाही. आता असा साधू मोठ्या घरच्या माणसांना कसा पटावा?

गावात मोठं घर एकच, माळवद्यांचं. गुळाचा व्यापार, दोन कोठारं, दारी बैलगाड्यांची रांग. मालक लवकर गेले. सगळा कारभार म्हाळसाबाईंच्या हाती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि घरात कुलपं मोजून बावीस! बाई चालायला लागल्या की किल्ल्या वाजायच्या आणि गडीमाणसं कामाला लागायची. देवळाची पायरी मात्र त्या चढत नसत. "बायकांत बसून गहू निवडणारा बुवा! हा कसला साधू? याला आमच्या घरी ठेवला तर निदान भांडी तरी घासेल," असं चारचौघींत मोठ्यानं म्हणायच्या.

त्यांची सून सगुणा. ही गोष्ट तिचीच. पुढे म्हातारपणी, तोंडात दात उरले नव्हते तेव्हाही, महाराजांच्या पुण्यतिथीला ओवरीत बसून ती पहिल्या बाळंतपणाची ही हकिकत सांगायची. तिनं जशी सांगितली तशीच ती गावात चालत आली आहे, आणि तशीच मी सांगतो.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. पण सगुणाची आई ती लहान असतानाच गेलेली. माहेरी एकटा बाप, घरात बाईमाणूस नाही. सातवा महिना लागला तेव्हा बाप बैलगाडी घेऊन आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, "न्यायला आलो खरा, पण नेऊन तिचं करणार कोण?" म्हाळसाबाई म्हणाल्या, "म्हणजे हेही आमच्याच उरावर! ठेवा, ठेवा. माळवद्यांच्या घरात काही कमी नाही." बाप तसाच परत गेला. सगुणा माजघरात जाऊन खूप रडली. कुणी तिची समजूत घातली नाही.

मग ती रोज सकाळी सुपात गहू घेऊन देवळात जायला लागली. पहिल्याच दिवशी महाराज म्हणाले, "ये बाळ. माहेरी आलीस होय?" बस्स, एवढंच. पण तिला वाटलं, आपल्याला आता माहेर आहे. सासूबाई म्हणायच्या, "निवडलेले गहू पुन्हा निवडायला नेते ही! त्या बुवाला सांग, बाळंतपणाला बोलावू हो तुला." सगुणा खाली मान घालून जायची ती जायचीच.

चैत्र महिना होता. माळवद्यांकडे हळदीकुंकू झालं आणि सगुणानं आंबेडाळ चांगली चापून खाल्ली. डोहाळे तरी असे की वाटीवर वाटी! दुसऱ्या दिवशी सकाळी ओवरीत बसली असताना पोटात कळ आली. तिला वाटलं, डाळ बाधली. झालं! सासूबाईंना कळलं तर हावरटपणा काढतील, या भीतीनं ती गप्प राहिली. दुसरी कळ आली तेव्हा मांडीवरचं सूप कलंडलं आणि गहू ओवरीभर झाले.

महाराज हसून म्हणाले, "अगं, डाळ नाही ती. पाहुण्यानं वर्दी दिलीय. घरी जा, आणि सासूला सांग."

पण हिला खरं वाटेल तर ना! घरी जाऊन गुपचूप ओवा चावला, वर गरम पाणी प्यायली, आणि दुपारच्या भाकरीसुद्धा थापल्या. एक भाकरी अर्धी थापली आणि परातीवरच ओणवी झाली. म्हाळसाबाई धावल्या. "काय गं? केव्हापासून?" "सकाळपासून, आत्याबाई. डाळ खाल्ली होती ना, म्हणून..." "अगं खुळे! नऊ महिने भरलेली बाई तू, आणि डाळ काय म्हणतेस!" म्हातारपणी सगुणाबाई हे सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या.

पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. धुरपदा सुईण आली. दुपार गेली, रात्र गेली, दुसरा दिवस उजाडला. कळा येत होत्या, पण मूल पुढे सरकत नव्हतं. धुरपदाचे हात कुशल; तिनं आजवर गावातली निम्मी माणसं जगात आणली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तीही घाबरली. म्हाळसाबाईंना बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, पोरगी दमत चाललीय. आता दोन्ही जिवांची काळजी आहे. घरात बांधलेलं, कोंडलेलं काही ठेवू नका. सगळं मोकळं करा."

बाळंतीण अडली की घरातल्या गाठी सोडायच्या, ही जुनी चाल. बायकांनी सगुणाची वेणी सोडली, आपापले अंबाडे सोडले. डब्यांची झाकणं काढली. गोठ्यातली गुरं सोडली. आणि म्हाळसाबाईंनी कमरेचा जुडगा काढून कोठारांपासून देवघरापर्यंत बावीसच्या बावीस कुलपं उघडली. माळवद्यांचं घर सताड उघडं पडलेलं गावानं पहिल्यांदा पाहिलं. पण सगुणाची सुटका होईना.

तिचा नवरा विश्राम अंगणात येरझारा घालत होता. आईचा शब्द न मोडणारा मुलगा. पण आतून बायकोचं बारीक कण्हणं ऐकलं आणि त्याला राहवलं नाही. अनवाणीच देवळाकडे पळाला. महाराजांच्या पायांवर पडला. "महाराज, ती जाते हो! काहीतरी करा."

महाराजांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "कुलपं उघडली?"

"सगळी उघडली महाराज. बावीस."

"नाही रे. तेविसावं राहिलं. आईला सांग, ते उघड. आणि लवकर सांग. तोवर तिच्या कळा मी धरतो."

असं म्हणून महाराज ओवरीच्या फरशीवर आडवे झाले. आणि काय सांगावं! त्याच क्षणी त्यांचं सगळं अंग पिळवटून निघालं. दोन्ही हातांनी खांब धरला, घामानं अंगावरची धाबळी भिजली, आणि ज्यांनी कधी आवाज चढवला नव्हता ते महाराज "आई गं!" म्हणून ओरडले. देवळातल्या बायका हातातली सुपं टाकून उठल्या. त्या कळा त्यांनी ओळखल्या. ओळखणार नाहीत तर काय? प्रत्येकीनं सोसल्या होत्या.

इकडे सगुणाला काय झालं? सगुणाबाई सांगायच्या, "कुणीतरी डोक्यावरचा भरलेला हारा उतरवून घ्यावा ना, तसं झालं. दुखणं गेलंच. मी धुरपदाच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि झोपले. खरंच सांगते, झोपले!" धुरपदानं घाबरून छातीला कान लावला. श्वास नीट चालला होता.

विश्रामनं निरोप सांगितला. म्हाळसाबाई कडाडल्या. "तेविसावं कुलूप? या घराची कुलपं मला ठाऊक की त्या बुवाला? आणि म्हणे कळा देतोय! सोंग आहे सगळं. चल, तुझ्यासमोर त्याचं सोंग उतरवते." बारा वर्षांत जी पायरी चढल्या नव्हत्या, ती रागाच्या भरात तरातरा चढल्या.

वर आल्या आणि थबकल्या. महाराजांच्या ओठांतून रक्त आलं होतं. चेहरा काळानिळा. बाईमाणूस कळा देताना कसं दिसतं हे म्हाळसाबाईंना कुणी शिकवायला नको होतं. महाराजांनी डोळे उघडले आणि धापा टाकत म्हणाले, "म्हाळसे, लवकर कर गं. बायकांचं दुखणं हे. माझ्यानं किती वेळ निभणार? माळ्यावरची पेटी उघड."

म्हाळसाबाईंचा हात आपोआप गळ्याकडे गेला. चोळीच्या आत, काळ्या दोऱ्यात, एक बारीक किल्ली होती. ती कमरेच्या जुडग्यात कधीच नव्हती. त्या वळल्या आणि धावत सुटल्या. पदर पडला तरी भान नाही. गाव बघत राहिलं.

मंडळी, म्हाळसाबाईंचं पहिलं मूल राहिलं नाही, एवढं गावाला ठाऊक होतं. ते झालं त्यांच्या माहेरी. मुलगा की मुलगी, हेही गावात कुणी विचारलं नाही. मुलगी होती. अकरा दिवस जगली आणि बाराव्याला, बारशाच्या दिवशी सकाळी गेली. बाई सासरी परत आल्या तेव्हा त्यांची सासू म्हणाली, "मुलगीच होती ना? मग रडायचं काय त्यात? पुन्हा या घरात तिचा विषय नको." त्या रडल्या नाहीत. मुलीचं अंगडं-टोपडं, कुंची आणि चांदीचे इवलेसे वाळे पेटीत घातले, कुलूप लावलं, आणि पेटी माळ्यावर गुळाच्या रिकाम्या डब्यांआड ठेवली. त्याला सव्वीस वर्षं झाली होती.

कुलूप गंजलं होतं. किल्ली फिरेना. त्यांनी दिव्यातलं तेल ओतलं, बोटांची सालं निघेपर्यंत किल्ली पिळली, आणि एकदाचं ते उघडलं. वर कुंची होती. तशीच घडी.

खालच्या खोलीत सगुणाला जाग आली ती रडण्यानं. माळ्यावर कुणीतरी मोठमोठ्यानं, गळा काढून रडत होतं. "आत्याबाई रडतायत?" तिला खरंच वाटेना. ज्या बाईच्या डोळ्यांत कांदा चिरतानाही पाणी येत नाही म्हणायचे, ती रडते! आणि तेवढ्यात तिची कळ परत आली. पण आता कशी आली? मोकळी, जोरकस. धुरपदा ओरडली, "आता गं पोरी, आता!" तिसऱ्या कळेला मूल बाहेर आलं आणि त्यानं असा टाहो फोडला की आईमागोमाग परतलेल्या विश्रामनं तो अंगणातून ऐकला. त्याच वेळी देवळात महाराजांचा खांबावरचा हात सुटला. ते कुशीवर वळले आणि शांत झोपी गेले.

"मुलगी झाली," धुरपदा हळूच म्हणाली. सगुणानं दाराकडे पाहिलं. आता काय बोलतील आत्याबाई? दार लोटून म्हाळसाबाई आत आल्या. केस मोकळे, डोळे लाल, हातात जुनी कुंची.

"काय झालं?"

"मुलगी, आत्याबाई," सगुणा पुटपुटली.

म्हाळसाबाई खाली बसल्या. नात मांडीवर घेतली, तिच्या डोक्यावर कुंची घातली, आणि रडता रडता हसायला लागल्या. "शहाणी माझी बाई! गुणाची माझी बाई!" हे त्या नातीला म्हणत होत्या की सगुणाला, कुणास ठाऊक. पण एक हात त्यांनी सगुणाच्या कपाळावर ठेवला होता, आणि तो रात्र पडेपर्यंत उचलला नाही. सगुणाबाई म्हणायच्या, "आई असती तर असाच असता."

बाराव्या दिवशी बारसं. म्हाळसाबाई म्हणाल्या, "पहिलं मूल. बारसं माहेरीच व्हायला हवं." आणि पाळणा देवळाच्या ओवरीत बांधायला लावला! सगुणाच्या बापाला मानानं बोलावणं गेलं. सगळं गाव जमलं. पाळण्याजवळ गेल्यावर म्हाळसाबाई एकदम महाराजांसमोर उभ्या राहिल्या. हात जोडले नाहीत. भर गावासमोर विचारलं,

"महाराज, सुनेच्या वेळी धावलात. माझ्या वेळी कुठं होता हो तुम्ही?"

महाराजांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "बाई, याला माझ्याकडे उत्तर नाही. असतं तर सव्वीस वर्षं तुला रडायला थांबावं लागलं नसतं." आणि महाराजांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "लेकीचं नाव काय ठेवणार होतीस?"

म्हाळसाबाईंनी पाळण्याकडे पाहिलं. ते नाव त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. "इंद्रायणी."

"मग आधी तिचं बारसं करू. तिचं राहिलंय."

रिकाम्या पाळण्याला फुलं वाहिली. बायकांनी दोरी हातात घेतली. म्हाळसाबाई पाळण्यात वाकल्या आणि जिथं बाळाचा कान असायला हवा तिथं तोंड नेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "इंद्रायणी." बायकांनी पाळणा हलवला. मग सगुणाची लेक त्यात घातली आणि तिचं नाव तिला मिळालं: मैनावती.

त्यानंतर म्हाळसाबाईंनी कमरेचा जुडगा सोडून सगुणाच्या हातात दिला, महाराजांच्या पुढ्यात गुडघे टेकले आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. महाराज म्हणाले, "ऊठ." त्या उठल्या नाहीत. "थोडा वेळ असंच राहू द्या," त्या म्हणाल्या. महाराजांनी राहू दिलं. सगुणा लेकीला घेऊन तिथंच त्यांच्या शेजारी बसली, आणि सासूच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.