श्वास धरलेले अरण्य

एका राज्यात ढग यायचे, पण पाऊस यायचा नाही. काळेभोर ढग डोंगराआडून निघत, राजवाड्यावरून सावकाश जात आणि शेजारच्या राज्यात जाऊन रिते होत. शेजारच्या राजाला किती आनंद होई ते वेगळे सांगायला नको.

या राज्याची एक रीत होती. गुरांना डाग देतात तसा अरण्यातल्या झाडांना राजमुद्रेचा डाग द्यायचा. दर वर्षी राजा दंडकेतू नगारा वाजवीत अरण्यात शिरे, तापलेली लोखंडी मुद्रा खोडावर टेकवी आणि म्हणे, "हे आमचे." राजा मनाचा वाईट नव्हता. झाडांवर त्याची माया होती. फक्त झाडांना विचारावे हे त्याला सुचले नाही, आणि राजांना ते सहसा सुचतही नाही.

एके वर्षी त्याने हिरण्यजटा जादूगारणीच्या वडाला डाग दिला. ती ढोलीतून बाहेर आली तेव्हा तिच्याच दंडावर मुद्रा उमटली होती.

"राजा, झाडाला काय आठवते ते तुला कळो," ती म्हणाली. "झाड हो. तुझे शेवटचे पान गळायच्या आत तुझ्या राज्यात पाऊस पडला, तर पुन्हा माणूस होशील. नाही पडला, तर लाकूड."

राजा घरी पोचला आणि राजवाड्याच्या अंगणातच त्याचा बेहडा झाला.

प्रधानांनी कारभार थांबवला नाही. ते झाडासमोर उभे राहून प्रश्न विचारीत, आणि पान गळले की "महाराजांची संमती आहे" असे जाहीर करीत. ढग बोलवायचे तर नगारा वाजवायचा, हे त्या राज्यात पोराटोरांनाही ठाऊक होते. तेव्हा नगारची रणोजी अरण्याच्या कडेला बसून दिवसभर नगारा बडवू लागला. ढग येत आणि जात.

राजाची एकुलती एक कन्या इंदुलेखा रोज गळलेली पाने गोळा करी. वडील डोळ्यांदेखत वाळत होते. तिला ते बघवेना, म्हणून ती अरण्यात गेली.

"माते, शाप मागे घ्या," ती हिरण्यजटेला म्हणाली.

"शाप माझा. पाऊस मी अडवलेला नाही. तीन कामे कर, म्हणजे तो का अडला ते तुझे तुलाच कळेल. या लाजाळूला हात लाव, पण ती मिटता कामा नये."

इंदुलेखेने बोट लावले. लाजाळू मिटली. ती उघडेपर्यंत राजकन्या बसून राहिली, पुन्हा बोट लावले, पुन्हा बसली. लाजाळूनेच शेवटी कंटाळून नाद सोडला आणि पाने उघडी ठेवली. पुढे बरेच दिवस गेले, तरी लाजाळूला तो हात आठवे आणि ती मिटत नसे.

"आता अरण्याच्या पूर्वेकडून पश्चिमेला मला निरोप पाठव," हिरण्यजटा म्हणाली. "पाय, पंख आणि जीभ न वापरता."

राजवाड्याच्या गच्चीवरून शेळ्या चरताना इंदुलेखेने लहानपणापासून पाहिल्या होत्या. त्या नेहमी वाऱ्याच्या उलट्या दिशेने चरत जात, कारण वाऱ्याखालच्या झाडांचा पाला कडू झालेला असे. आज वारा पूर्वेचा होता. पूर्वेच्या टोकाला जाऊन तिने बाभळीची क्षमा मागितली आणि एक डहाळी खुडली. खुडल्याचा वास शेजारच्या बाभळीला गेला, तिने तो पुढे दिला. पश्चिमेला हिरण्यजटेची शेळी मजेत पाला खात होती. तिने तोंड वाकडे करून घास थुंकला.

"पाला कडू झाला. निरोप पोचला," हिरण्यजटा म्हणाली. "आता नगारा वाजव. एकही झाड दचकता कामा नये."

अरण्याच्या कडेला इंदुलेखेच्या सांगण्यावरून रणोजीने टिपरी मारली. फांदीवरचा म्हातारा धनेश पक्षी म्हणाला, "राजकन्ये, खोडाला कान लाव."

आत रस वाहायचा थांबला होता. पानांची बारीक तोंडे मिटली होती आणि अरण्याचा वास नाहीसा झाला होता.

"नगाऱ्यामागून डाग येतो, हे झाडे शिकली आहेत," धनेश म्हणाला. "वाजला की श्वास धरतात. तो श्वास वर जातो, त्यातून बारीक कण होतात, आणि कणाला धरून थेंब होतो. कण नाही तर पाण्याला बसायला जागा नाही. भरलेल्या ढगाने करावे काय?"

रणोजीने टिपऱ्या खाली ठेवल्या. "बाईसाहेब, पाऊस मीच घालवला. आता हात लावणार नाही."

"तसे करू नका, रणोजी. बंद केलात तर त्यांना डागच आठवत राहील. वाजवा, पण हळू. नगाऱ्यामागून आता पाणी येईल."

राजवाड्याच्या विहिरीतून घागरी निघाल्या. रणोजी हळूच टिपरी मारी, इंदुलेखा झाडाच्या मुळाशी घागर ओती. संध्याकाळी ती अंगणात येऊन पाने मोजायला घाबरे. प्रधानांना तिने सांगून टाकले, "प्रधानजी, महाराजांना यापुढे काहीही विचारू नका." प्रधानांना ते फार लागले.

बेहड्यावर एकच पान उरले होते, त्या दुपारी रणोजीने पूर्ण जोर लावला. अरण्य दचकले नाही. त्याने श्वास सोडला, हिरवा, तुरट, रानभर पसरलेला. वरून जाणारा ढग थबकला, आणि पाऊस पडला.

इंदुलेखा धावत अंगणात आली. राजा चिंब भिजून उभा होता आणि कानामागे एक पान अडकले होते. लेक त्याला बिलगली आणि मन भरेपर्यंत रडली.

हे पाहून, मागोमाग नगारा घेऊन आलेल्या रणोजीने आनंदाने त्यावर घाव घातला. राजाचा हात झटकन छातीशी गेला, मूठ आवळली, श्वास थांबला.

"आम्हालाही आठवते आहे," राजा कसाबसा म्हणाला. "मुद्रा वितळवा. आजपासून कोणाला डाग नाही."

मुद्रेची झारी झाली. हिरण्यजटेच्या दंडावरचा डाग मिटला. पाऊस आपल्या वेळेला येऊ लागला आणि शेजारच्या राजाला स्वतःची झाडे जपावी लागली. इकडे रोज सकाळी रणोजी हळूच एक टिपरी मारी, आणि राजाची मूठ आपल्या आपण उघडेपर्यंत इंदुलेखा त्याचा हात हातात धरून बसे.