थांबण्याची पट्टी

"पण सर, थांबणं हे काम कसं असेल?"

शाल्मलीने हे विचारलं तेव्हा मुकादम सर चहात पाव बुडवत होते. त्यांनी बुडवलेला पाव आधी खाल्ला, मग स्क्रीनकडे पाहिलं.

"दाखव."

घाटात पाण्याच्या बोगद्याचं काम चाललं होतं. बोगद्याच्या तोंडापासून वर, वळणावर, पत्र्याच्या कंटेनरमध्ये शेड्यूलचं ऑफिस होतं. शाल्मली बोंद्रे तिथली नवी प्लॅनिंग इंजिनियर. कॉलेजात पहिली आलेली, आणि सॉफ्टवेअरच्या परीक्षेतही पहिली. त्याचं प्रमाणपत्र तिने समोरच लावलं होतं. भिंत पत्र्याची, म्हणून चुंबकाने चिकटवलेलं. दार जोरात लागलं की ते एका बाजूला कलायचं आणि ती ते पुन्हा सरळ करायची.

मुकादम सर दापोलीकडचे. उभी हयात बोगद्यांची शेड्यूलं करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर कंपनीने त्यांना नव्या मुलांना शिकवायला परत बोलावलं होतं. त्यांचं शिकवणं म्हणजे एकच गोष्ट. स्क्रीनवर प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी असते, तिच्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, तुझ्याआधी कोण, तुझ्यानंतर कोण, आणि तुला सवड किती. जिला सवड नाही ती पट्टी लाल. ती लांबली की सगळा बोगदा लांबला.

शाल्मलीला या लाल रंगाची धास्ती होती. मागच्या बैठकीत मोठ्या साहेबांनी तिच्याआधीच्या इंजिनियरला उभं केलं होतं आणि सगळ्या लाल पट्ट्या एकेक करून मोठ्याने वाचायला लावल्या होत्या. त्याने वाचल्या. पुढच्या आठवड्यात त्याची खुर्ची रिकामी झाली आणि शाल्मली त्या खुर्चीवर बसली. तेव्हापासून मेसच्या ताटात टोमॅटोची चटणी आली तरी ती ताट बाजूला सारायची.

उद्या मोठे साहेब पुन्हा येणार होते.

"हा स्फोट," ती म्हणाली. "ही त्याची पट्टी. मग फुटलेला दगड बाहेर काढायचा, ती ही पट्टी. या दोघींच्या मध्ये एक होती, 'थांबणे'. तिच्यापुढे ना माणसाचं नाव, ना मशीनचं. नुसती बसून खाणारी. आणि अशी प्रत्येक स्फोटामागे एक. मी सगळ्या काढल्या."

"मग?"

"मग हे बघा."

तिने बटण दाबलं. लाल रंग खालून वर निवळत गेला. सगळं निळं झालं. बोगदा तारखेच्या आत पुरा होत होता.

सरांनी बराच वेळ पाहिलं.

"सॉफ्टवेअर काही म्हणालं?"

"काही नाही. एकही चूक दाखवली नाही त्याने."

"ते बिचारं काय म्हणणार… त्याला फुप्फुसं नाहीत."

शाल्मलीला राग आला. म्हाताऱ्या माणसांना नवं काही दाखवलं की त्यांना असलंच काहीतरी सुचतं, असं तिला वाटलं.

"सर, धुरासाठी पंखा आहे. तो चालूच असतो."

"आणि दगड?"

"कुठला दगड?"

"स्फोटात जो सुटला पण पडला नाही, तो."

तिने पट्ट्यांकडे पाहिलं. पट्ट्यांत तो दगड कुठेच नव्हता.

"हे कुणाकुणाला दिलंस?" सरांनी विचारलं.

"सगळ्यांना. सकाळीच. बोगद्याच्या तोंडाशी फळ्यावरही लावलं."

हे सांगताना तिच्या आवाजात थोडा तोरा होता. त्यात नवल नाही. सुरुवातीला या साइटवर तिच्या कागदांत भजी बांधून नेत असत. तिने भांडण केलं, दोनदा रडलीही, पण हटली नाही. कागदावर आहे तेच होणार, म्हणाली. हल्ली तसं होऊ लागलं होतं. फुटलेला दगड उपसणारा लोडरवाला सोपान केंगारसुद्धा आता आधी फळा वाचायचा आणि मग मशीन चालू करायचा. सोपान तिला ताई म्हणायचा. घरून शेंगदाण्याची चटणी आली की पहिला चमचा तिच्या डब्यात घालायचा.

"फोरमन कुठे आहे?"

"मुलीच्या लग्नाला गावी गेलेत."

"मग आज सोपानला आत कधी जायचं, ते कोण सांगणार?"

"कागद," शाल्मली म्हणाली.

म्हणाली, आणि तिचंच बोलणं तिला ऐकू आलं.

खाली भोंगा वाजायला लागला.

तिने फोन उचलला. सर म्हणाले, "नको. भोंगा झाला की तिथले सगळे फोन बंद करून पेटीत टाकतात. स्फोटाच्या वेळी फोन चालत नाही. तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. फोन पेटीत टाकण्याची पट्टी तिनेच घातली होती.

"सर, तो फळा वाचेल."

"वाचेल."

"आणि स्फोट झाला की लगेच आत जाईल."

सरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला…

शाल्मली पळत सुटली.

कंटेनरचं दार मागे आपटलं. वळणावरून खाली उतरणारी वाट मुरमाची होती. तिचा पाय घसरला, तळहात सोलवटला, तिला कळलंही नाही. ती "सोपान, सोपान" करत होती, पण भोंग्यापुढे तिचा आवाज तिलाच ऐकू येत नव्हता. मग भोंगा थांबला. ही शांतता तिला भोंग्याहून वाईट वाटली.

स्फोट तिला आधी पायांत जाणवला. आवाज नंतर आला. झाडांवरचे पक्षी एकदम उठले आणि बोगद्याच्या तोंडातून राखाडी धूर बाहेर लोटला.

ती पोचली तेव्हा काही दिसत नव्हतं. फळा दिसत नव्हता. लोडर उभा राहायची जागा दिसत नव्हती. कामगार दूर, वाऱ्याच्या बाजूला, तोंडाला फडकी बांधून बसले होते. त्यांत सोपान नव्हता.

"सोपान कुठे आहे?"

"इथंच होता की," कोणीतरी म्हणालं. "मघाशी फळा वाचत होता."

ती धुराकडे निघाली तेवढ्यात मागून काठीची मूठ तिच्या दंडात अडकली. सर आले होते. त्यांना धाप लागली होती.

"थांब."

"सोपान आत आहे सर."

"थांब."

"किती वेळ?"

"ती पट्टी तू काढलीस."

ती मटकन खाली बसली. सरही तिच्या शेजारी दगडावर बसले. समोर धूर होता आणि धुरात पंखा घरघरत होता. करण्यासारखं काही नव्हतं. तिला वाटलं उठावं, ओरडावं, कुणाला तरी पाठवावं. पण कुणाला पाठवणार. ज्याला पाठवावं त्याच्याही घरी कुणीतरी असणार.

तिने कान दिले. लोडरचं इंजिन ऐकू येत नव्हतं. बंद पडलं असेल का… की तो आत पोचला, आणि मग बंद पडलं?

आत काहीतरी सुटलं. आधी खडखड, जशी कुणी पोत्यातून खडी ओतावी. मग एकच जड आवाज. जमीन पुन्हा हलली.

"तोच दगड," सर हळू म्हणाले.

शाल्मलीने तोंडावर हात दाबला. तिला सोपानची चटणी आठवली. देवा, तो त्याच्याखाली नसू दे. मी सगळं लाल करते. उद्या मीच उभी राहून वाचते, सगळं वाचते. तो नसू दे.

तिने सरांकडे पाहिलं. सरांचा काठीवरचा हात थरथरत होता. काठीचं टोक मुरमावर टकटक वाजत होतं. इतका वेळ तिला वाटत होतं की या माणसाला तरी सगळं माहीत आहे. आता तिला जास्त भीती वाटली.

पुन्हा खडखड झाली. मग बारीक खडे पडत राहिले. मग तेही थांबले. धूर विरळ होत गेला. आधी फळा दिसला, मग त्यावरचा तिचा निळा कागद.

मग लोडर दिसला. तो तोंडाबाहेर, आपल्या जागी उभा होता. सीटवर कोणी नव्हतं.

"आलो, आलो," मागून आवाज आला.

सोपान केंगार स्टोअरच्या शेडकडून चालत येत होता. चांगलाच चिडलेला होता. मुकादम सरांना तो चाचा म्हणायचा.

"चाचा, सकाळच्यानं लोडरची चावी तुमच्यापाशी हाय म्हणं. मला सांगायचं तरी. दुसरी आणाय गेलो तर स्टोअरवाला कुलूप लावून जेवाय गेलेला. तवाच घावला असता तर मी कवाचाच आत गेलो असतो." मग त्याने शाल्मलीकडे पाहिलं आणि त्याचा आवाज खाली आला. "ताई, आज उशीर झाला, पर माझी चूक न्हाई. तुमच्या कागदावर लगीच लिवलंय, मला म्हाईत हाय."

त्याच्या हातात दुसरी चावी होती. शाल्मलीने ती काढून घेतली. ती आपल्याकडे अशी का बघतेय म्हणून तो बावरला आणि पाणी प्यायला निघून गेला.

ती सरांकडे वळली. "चावी तुमच्याकडे होती."

"होती." सरांनी खिशातून काढून दाखवली. "सकाळी फळा वाचला, तेव्हाच काढून घेतली."

"आणि तुम्ही वर बसून पाव खात होतात. मला तिथेच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर तू ती पट्टी परत घातली असतीस."

"मग बरंच झालं असतं ना."

"माझ्यासाठी घातली असतीस. मी दापोलीला गेलो की पुन्हा काढली असतीस."

तिला त्यांचा भयंकर राग आला. आणि त्यांचं म्हणणं खरं आहे हेही तिला कळलं. म्हणून राग आणखी वाढला.

"चावी खिशात होती, तर मग तुमचा हात का कापत होता?"

सरांनी बोगद्याच्या तोंडाकडे पाहिलं. आता तिथे धूर नव्हता, नुसता काळोख होता.

"दुसरी चावी स्टोअरमध्ये असते," ते म्हणाले. "ते मला इथे येऊन बसल्यावर आठवलं."

…

दोघं वर आली. चढणीवर सर मध्ये मध्ये थांबत होते आणि शाल्मलीही त्यांच्याबरोबर थांबत होती. कंटेनरमध्ये प्रमाणपत्र कललेलं होतं. तिने ते तसंच राहू दिलं.

तिने स्फोटाची पट्टी शोधली. तिच्यापुढे 'थांबणे' घातलं. मग दुसऱ्या स्फोटापुढे. मग तिसऱ्या. सोलवटलेल्या तळहाताचं रक्त माउसला लागत होतं. एकेक पट्टी बसत गेली तसा निळा रंग मागे सरला आणि लाल रंग चढत चढत शेवटच्या तारखेपर्यंत गेला, आणि तिच्याही पुढे.

सॉफ्टवेअर आताही काही म्हणालं नाही.

'थांबणे'च्या पुढे माणसाच्या नावाचा रकाना मोकळा होता. तिने थोडा विचार केला आणि तिथे लिहिलं, शाल्मली बोंद्रे. सगळीकडे तेच लिहिलं.

"उद्या मोठे साहेब मला उभं करतील," ती म्हणाली.

"करतील."

"विचारतील, या एवढ्या पट्ट्यांत तुम्ही नेमकं काय करता."

"विचारतील."

"मी काय सांगू?"

सरांनी गार झालेला चहा प्यायला. तोंड वाकडं केलं. त्यांनी फक्त आपला तळवा पुढे केला. शाल्मलीला वाटलं, दुसरी चावी मागतायत. तिने ती त्यांच्या हातावर ठेवली. सरांनी तिच्याशेजारी आपल्या खिशातली ठेवली, दोन्ही चाव्या एकत्र केल्या आणि तिच्या सोललेल्या हातात देऊन वरून तिची बोटं मिटली.

"सोपानला चावी तू द्यायचीस," ते म्हणाले. "प्रत्येक स्फोटानंतर. खाली जाऊन. स्वतःच्या हाताने."

चाव्या तिच्या मुठीत किणकिणत होत्या. तिने मूठ घट्ट केली तरी त्या वाजतच राहिल्या. तिला लाज वाटली. तिने दुसरा हात वर धरला. तोही कापत होता.

"सर… ही भीती कधी जाते?"

मुकादम सर दारापाशी पोचले होते. ते वळले.

"ज्या दिवशी जाईल, त्या दिवशी चाव्या मला परत आणून दे."